विशेष आभार : मा. ऋतुराज सर

सोमवार, ३ नोव्हेंबर

मी बँकॉकला चालले. हे वाक्य कागदावर कसं दिसतं ते बघायचं होतं, म्हणून मावशीनं दिवाळीला दिलेली डायरी अखेर उघडली. छान दिसतंय. मी, राजनंदिनी, बी.कॉम. सेकंड क्लास, कस्टमर सपोर्ट एक्झिक्युटिव्ह म्हणून बँकॉकला चालले. आता त्या साताऱ्याच्या स्थळाला म्हणावं, बसा कांदेपोहे खात.

मुलाखत फोनवरच उरकली. ऋतुराज सरांनी तीनच प्रश्न विचारले. टायपिंग येतं का, पासपोर्ट आहे का, आणि तिकडं कुणी ओळखीचं किंवा पोलिसात कुणी नातेवाईक आहे का. तिसऱ्याला मी ओशाळून नाही म्हटलं, तर म्हणाले, "काही हरकत नाही, उलट बरंच." एवढा समजूतदार साहेब पुण्यात तरी मिळाला असता का?

अण्णांना फसवणुकीची फार धास्ती. पण त्यांची परीक्षा सोपी आहे, जो पैसे मागतो तो चोर. सर पैसे मागत नाहीतच, उलट विमानाचं तिकीटही कंपनीच काढणार. अण्णांनी दोनदा खात्री करून घेतली आणि म्हणाले, माणूस सरळ दिसतोय.

खरं श्रेय अदितीचं. अदिती मुरगूडची, कॉलेजात तीन वर्षं माझ्याच बाकावर. गणपती झाल्यावर ती याच कंपनीत गेली. तेव्हापासून बाईसाहेबांना एक फोन करायला सवड नाही, नुसते मेसेज. "जॉब मस्त आहे. तू पण ये." आज लिहिलंय, "तुमच्या म्हशीचं दूध फार आठवतं." हिला दुधाचा वास आला तरी ओकारी यायची! परदेशात गेलं की माणूस सुधारतं, हे खरं.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

सर घरी येऊन गेले. उंच आहेत. दाढी कोरलेली. मला "यू हॅव स्पार्क" म्हणाले, त्यानंतर मी आमटीत दोनदा मीठ घातलं.

व्हिसा आधी फिरायला जाण्याचा आणि कामाचा तिथं गेल्यावर, अशी पद्धत आहे म्हणे. पासपोर्ट ते घेऊनच गेले, म्हणजे माझी तेवढी धावपळ वाचली. विमानात बसेपर्यंत कुणाला सांगू नका, असंही त्यांनी बजावलं. आई एकदम खूश. शिकलेला असून नजर लागण्यावर विश्वास ठेवणारा माणूस तिला बऱ्याच दिवसांनी भेटला. जाता जाता मला म्हणाले, आणखी दोघी मैत्रिणी तयार असतील तर बघ. सगळ्या कोल्हापूरचं भलं करायला निघालेत.

पण आमच्याकडं बाळासो काका आहेत. काका म्हणजे अण्णांचे धाकटे भाऊ आणि तालमीचे अध्यक्ष. त्यांना गोष्ट सांगणं आणि ती चौकात ओरडून सांगणं, दोन्ही सारखंच. त्यांनी सरांना कट्ट्यावर नेलं. आमचा धंदाच तो. संध्याकाळी चौकात म्हशी आणून बांधायच्या, गिऱ्हाइकासमोर धार काढायची आणि फेसाळ ग्लास त्याच्या हातात द्यायचा. सर फोटोला नको नको म्हणत होते, प्रसिद्धीची मुळीच हौस नाही. काकांनी सर ग्लास तोंडाला लावेपर्यंत दम धरला आणि मग फोटो काढलाच. वरच्या ओठावर फेसाची पांढरी मिशी आली आहे. गोड दिसतात.

रविवार, ९ नोव्हेंबर

चौकात माझा फ्लेक्स लागला! "पेठेची वाघीण निघाली बँकॉकला." मी गॉगल लावून उभी आणि मागं विमान. माझ्यापेक्षा काकांचा फोटो मोठा आहे, ते असो. तालमीची सगळी पोरं बाजूनं गोल गोल फोटोंत. आणि खालच्या कोपऱ्यात, दुधाच्या मिशीसकट, "विशेष आभार : मा. ऋतुराज सर".

आई तीन वेळा भाजी आणायला गेली, प्रत्येक वेळी त्याच चौकातून.

सोमवार, १० नोव्हेंबर

मी रडरड रडले. सरांना कुणीतरी फ्लेक्स दाखवला आणि ते फोनवर असे काही भडकले की त्यांचा आवाजच ओळखू येईना. तासाभरात तो बोर्ड उतरला पाहिजे म्हणे.

मी काकांना सांगितलं. काकांनी खूप विचार केला. लावलेला फ्लेक्स उतरवणं म्हणजे त्या माणसाचा भर चौकात अपमान, हे काही ते करणार नव्हते. पण चूक आपलीच आहे, हे त्यांना पटलं. "एवढा मोठा माणूस आणि फोटो बघ केवढा लावला आपण, रुपायाएवढा. चिडंल न्हाय तर काय करंल?" असं म्हणाले आणि दुसरा फ्लेक्स छापायला टाकला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

नवा फ्लेक्स जुन्याच्या दुप्पट. त्यात सर मधोमध. मिशी लांबूनसुद्धा दिसते.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

तालमीतल्या कुठल्यातरी दिवट्यानं त्या फोटोवर हलगी वाजवून रील केलं आणि ते सगळीकडं फिरतंय. इचलकरंजीच्या आत्याला आलं, शिरोळच्या मामाला आलं. मी सरांची फोनवर माफी मागितली. ते थंडपणे म्हणाले, आता लवकर निघायचं, चोवीसला गाडी पाठवतो. मी म्हटलं, तुम्ही येणार ना सोडायला? ते नाही म्हणाले. जीव खट्टू झाला. हे मी लिहीत नाहीये, हात आपोआप लिहितोय.

सोमवार, १७ नोव्हेंबर

आज ते रील बघून कट्ट्यावर कबनूरचा एक जण आला. अभिराम नाव, यंत्रमागावर काम करतो. दूध मागितलं नाही, काही नाही, नुसता फ्लेक्सकडं बघत उभा. मग विचारलं, ही पोरगी गेली का अजून आहे? मी म्हटलं, मीच ती. त्यानं फ्लेक्समधल्या सरांकडं बोट केलं.

म्हणाला, हाच माणूस. नाव तेव्हा दुसरं होतं. याच्याच ओळखीनं तो बँकॉकला उतरला. तिथून गाडीत घालून नदीपलीकडं म्यानमारात नेलं, कुंपणाच्या आत कोंडलं. खोट्या नावानं परक्या लोकांशी गोड बोलायचं आणि त्यांना लुबाडायचं, हे काम. कमी पडलं की मार. "सुटायचं असंल तर आपल्या बदली दुसरं माणूस बोलवा म्हणत्यात. मी न्हाय बोलवलं कुणाला, म्हणून हे," असं म्हणून त्यानं मनगट दाखवलं. हाड वाकडं जुळलंय.

मी त्याला वाटेल ते बोलले. दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही, इंग्रजी येत नसेल म्हणून हाकलला असेल, वगैरे. त्यानं मनगट परत बाहीत घेतलं. म्हणाला, मला ज्या बाईंनी सोडवलं त्यांच्याशी एकदा बोला, मग हवं तर जावा. अण्णांनी त्याला धार काढून दूध दिलं आणि पैसे घेतले नाहीत. मला त्याचाही राग आला.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

अभिरामला सोडवणाऱ्या सुदा मॅडम थायलंडच्या सीमेवरच्या एका गावात सुटून आलेल्यांसाठी घर चालवतात. बारीक, केस पांढरे, मागं पंख्याचा खडखडाट. व्हिडिओ कॉलसाठी मोबाईल आमच्या कपाटाला टेकवून ठेवला होता आणि समोर मी, आई, अण्णा, काका, अभिराम. मॅडमचं इंग्रजी तुटक, माझं त्याहून तुटक, त्यामुळे छान जमलं.

त्यांनी फ्लेक्सचा फोटो शेजारच्या मुलीला दाखवला. ती फिलिपिन्सची, माझ्याच वयाची. मिशी बघून आधी तिला हसू आलं. मग तिनं तोंडावर हात घेतला आणि खुर्ची मागं सरकवून भिंतीपर्यंत गेली. "मॅक्स," एवढंच म्हणाली.

तिकडं त्याचं हे नाव होतं म्हणे. मग मॅडमनी विचारलं, तुझ्या ओळखीचं कुणी तिकडं आहे का? मी अदितीचे मेसेज मोठ्यानं वाचायला लागले. "जॉब मस्त आहे. तू पण ये." दुधाच्या ओळीवर आले आणि मला पुढं वाचता येईना. अदितीला वास सहन होत नाही, हे तिच्यामागं उभं राहून मेसेज वाचणाऱ्याला ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं. पोरीनं तेवढ्यातूनच हाक मारली होती आणि मी म्हटलं, माणूस सुधारलं.

काकांनी मोबाईल दोन्ही हातांत धरला आणि मराठीतच, थेट थायलंडला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगितलं, "म्याडम, आमची एक पोरगी हाय तिथं. तेवढी आणा की ओ." मॅडम म्हणाल्या, "ओके, काका." नाव त्यांना कसं कळलं कुणास ठाऊक. बहुधा आम्ही सगळेच मघापासून काका काका करत होतो.

गुरुवार, २० नोव्हेंबर

पोलिसांच्या सायबर विभागातल्या मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. सुदा मॅडमनी त्या फिलिपिनो मुलीचा जबाब पाठवला, अभिरामनं इथं दिला. आता तो माणूस हातात यायला हवा आणि त्याचा फोनही, कारण अदिती नेमकी कुठल्या कुंपणात आहे ते त्यातूनच कळेल. म्हणून मी त्याला फोन करून लाडात सांगितलं, सर, दोघी मैत्रिणी तयार आहेत, पण तुम्ही स्वतः भेटल्याशिवाय त्यांच्या घरचे सोडत नाहीत. तो लगेच येतो म्हणाला. लाडात बोलण्याचा मला सराव होताच, ते आठवून नंतर अंघोळ केली.

पोलिसांची अट एकच, कुणाला काही कळता कामा नये. काकांनी आईची शपथ घेतली.

शनिवार, २२ नोव्हेंबर

सगळ्या पेठेला कळलंय. चहावाला मला बघून डोळा मारतो. हलगीवाल्यानं विचारलं, धरल्यावर वाजवू का धरायच्या आधी? पोलिसांच्या मॅडमना घाम फुटला. काकांचं म्हणणं, गुप्त गोष्ट पेठेबाहेर गेलेली नाही, म्हणजे गुप्तच आहे. आणि खरंच, बाहेर कुणी अवाक्षर काढलेलं नाही.

सोमवार, २४ नोव्हेंबर

धरला!

सगळं क्रमानं लिहिते. तो संध्याकाळी आला, तोंडाला मास्क, डोक्यावर टोपी, मास्क सरकला तर दाढी साफ. मी बॅग घेऊन कट्ट्यावर उभी. "मैत्रिणी" म्हणून दोन पोलीस मुली, एकीनं आईची पैठणी नेसली होती. साध्या वेशातले आणखी चौघे दूध पीत होते आणि ते संपल्यावर काय करायचं हे सुचत नसल्यामुळे परत परत पीत होते. सगळा चौक चिडीचूप. आमच्या चौकात माणसं गप्प असतात ती फक्त कुस्तीचा निकाल लागायच्या आधी. त्यानं विचारलं, आज एवढं शांत का? काका गडबडले आणि हलगीवाल्याकडं बघून मान हलवली. तो त्याच क्षणाची वाट बघत होता.

हलगी कडाडली तसा तो पळत गाडीत शिरला, तेवढ्यात आमची मोठी म्हैस दावं तोडून निघाली आणि गल्लीच्या तोंडाशी त्याच्या गाडीला आडवी उभी राहिली. त्यानं हॉर्न वाजवला. म्हशीनं शेपूट हलवलं. अण्णांना तिला एका हाकेत बाजूला घेता येतं, पण अण्णा हाताची घडी घालून उभे राहिले. पैठणीवालीनं गाडीचं दार उघडलं.

त्याच्या बॅगेत माझा पासपोर्ट होता आणि तीन मुलांचे आणखी. गाडीत बसवताना तो माझ्याकडं बघून म्हणाला, "तुझी मैत्रीण आता बघ." चौक नाचतोय, गुलाल आलाय कुठून तरी. मीही नाचले, खोटं कशाला बोलू. पण ते वाक्य कानातून जात नाही.

बुधवार, ३ डिसेंबर

सुदा मॅडमनी सांगितलंय, अदितीच्या नंबरवर लिहीत राहा. तिथल्या मालकांना वाटलं पाहिजे की तू अजून येणार आहेस, तोवर तिला तिथंच ठेवतील. तो धरला गेल्याची बातमी अजून पेठेबाहेर गेलेली नाही. म्हणून मी रोज लिहिते. व्हिसा अडकलाय, आठवड्यात येते. आणि मग पाल्हाळ. आत्याची भांडणं, म्हशीचं बाळंतपण, कुणाचं कुणाशी जमलं. पाल्हाळ हे माझं एकमेव शिक्षण, तेही परदेशात उपयोगी पडतंय.

काल मध्येच लिहिलं, "दूध तुला आवडतं ते मी अण्णांना सांगितलं. ते म्हणाले, तिला म्हणावं, आम्हाला कळलं, पोचवतो." उत्तर आलं, "बरं." तो एकच शब्द मी सगळ्यांना दाखवत फिरले.

शुक्रवार, १९ डिसेंबर

तिचे मेसेज थांबले. एक टिक येते, दुसरी येत नाही. त्याच्या फोनमधून जागा कळली आहे, असं पोलिसांच्या मॅडम म्हणाल्या. आपली वकिलात, थायलंडचे पोलीस, नदीपलीकडचे कोण कोण, सुदा मॅडमची माणसं, सगळे एकमेकांना फोन करताहेत. कुणाचं काम कुठं संपतं आणि कुणाचं सुरू होतं, मला कळत नाही. मुरगूडला अदितीच्या घरी जाऊन आले. तिची आई जेवत नाही. मी तिथं इतके विनोद केले की ती शेवटी हसली आणि मग आम्ही दोघी रडलो.

बुधवार, ७ जानेवारी

अजून एकच टिक. काकांनी तालमीत सांगितलंय, पोरगी येईपर्यंत कसला वाढदिवसाचा फ्लेक्स लावायचा नाही. दोन वाढदिवस तसेच गेले, त्यातला एक त्यांचाच.

गुरुवार, २२ जानेवारी

नदी ओलांडली! सकाळी सुदा मॅडमचा फोन आला. मी अंगणात होते, तशीच शेणाच्या हातानं घेतला. पडद्यावर अदिती. केस कापलेले, गालाची हाडं वर आलेली. ती माझ्याकडं नुसती बघत राहिली. मॅडमनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाल्या, "काकाला सांग." मी ओरडले, अण्णांनी चालू धार सोडून दिली, आईनं मोबाईललाच ओवाळलं. मी दोन शेजारणींना उचललं आणि त्यांतली एक चांगली जाड आहे.

कागदपत्रं, दवाखाना, जबाब, मग दिल्ली, मग घर. थोडे दिवस जातील. जाऊ देत.

रविवार, ८ फेब्रुवारी

अदिती आली. मुरगूडला बघायला येणाऱ्यांची रीघ लागली आणि ती दार लावून न्हाणीघरात बसली, म्हणून तिची आई तिला घेऊन आमच्या माडीवर राहायला आलीय. सुदा मॅडमनी मला फोनवर नीट समजावलंय. प्रश्न विचारायचे नाहीत. काय झालं, किती मारलं, कसं सुटलीस, काही नाही. ती बोलेल तेव्हा ऐकायचं, नाहीतर नुसतं जवळ बसायचं. मोबाईल वाजू द्यायचा नाही, तिला त्या आवाजाचा त्रास होतो.

तालमीनं हे असं पाळलंय की काय सांगू. चौकातून जाणारे गाडीचा हॉर्न वाजवत नाहीत. काका जिन्यापर्यंत येतात, वर बघतात आणि पायांचा आवाज न करता परत जातात.

आणि मी गप्प आहे. मी! आज दिवसभर तोंडातून दहा वाक्यं गेली नसतील. आई म्हणाली, ताप आहे का बघू. पण आता तिचं भलं व्हायचं असेल तर मला हे जमवायलाच हवं.

बुधवार, ११ फेब्रुवारी

तिला झोप नाही. डोळे मिटते, चार श्वास घेते आणि दचकून उघडते. तिकडं झोपलेल्यांना उठवायची त्यांची काहीतरी रीत होती, तिनं सांगितली नाही, मी विचारली नाही.

आज दुपारी एकच गोष्ट आपणहून बोलली, भिंतीकडं तोंड करून. आणखी सहा जणी आत आहेत, त्यांची नावं तिला पाठ आहेत, ती सुदा मॅडमना सांगायची आहेत. लगेच फोन लावला. एकेक नाव सांगताना तिचा आवाज ठाम होता. नेपाळच्या दोघी, केनियाची एक, बाकीच्या इकडच्याच. मॅडम लिहून घेत होत्या आणि "गुड, अदिती, गुड" म्हणत होत्या. फोन ठेवल्यावर मात्र ती परत चटईवर आडवी झाली आणि पूर्वीसारखीच छताकडं बघायला लागली.

मी जवळ बसले. गप्प. नियमाप्रमाणे. बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "नंदे, तू अशी गप बसलीस की मला भ्या वाटतंय. तिथं बी सगळी अशीच गप असायची. बोल की काय तरी."

मग काय. तीन दिवसांचं साठलं होतं. साताऱ्याच्या स्थळापासून सुरू केलं, तो मुलगा चहात बिस्कीट बुडवून विसरला आणि ते चमच्यानं खाल्लं, इथपासून. मग आत्या आणि तिच्या शेजारणीचा पाण्याच्या टाकीवरून चाललेला खटला, मग मी आमटीत दोनदा मीठ घातलं ते. ती हसली नाही. पण तिच्या पापण्या जड झाल्या, हात चटईवर सैल पडला आणि ती झोपली. खरीखुरी, तोंड उघडं टाकून.

मी थांबले, तर लगेच तिचे डोळे उघडले. म्हणून परत सुरू केलं. आता सांगण्यासारखं काहीच उरलं नाही, तर ही डायरी पुढ्यात घेतलीय. लिहिते तेच मोठ्यानं म्हणते आहे, हे वाक्यसुद्धा. अदिती झोपलीय.